तीस माणसांमागे एक

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी दोनच विषय चालतात. देवळातला उत्सव, नाहीतर कोणाच्या पोराला सरकारी नोकरी लागली ते. गेल्या आठवड्यात मात्र तिथे संडासांवरून भांडण झालं, आणि ते मी सुरू केलं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मला ते मान्य नाही.

झालं असं, की माझा मामेभाऊ गावचा पंच आहे. पावसाच्या तोंडावर तालुक्याला आपत्ती व्यवस्थापनाची बैठक झाली. तिथे कोणीतरी विषय काढला, की मदत केंद्रांसाठीचे किमान निकष आता जुने झाले, ते सुधारायला हवेत. भाऊ घरी आला आणि त्याने ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. जिनिव्हातल्या लोकांनी आफ्रिकेतल्या छावण्यांसाठी केलेलं पुस्तक आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कशाला? आमच्याकडे पूर आला तर माणूस शेजाऱ्याच्या सोप्यावर जाऊन बसतो. 2021 ला शाळेत साठ माणसं होती, संडास दोन. म्हणजे तीस माणसांमागे एक. सरकारचा निकष तंतोतंत पाळला. आता आणखी कसली सुधारणा? खाली सतरा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

मी तेव्हा ट्राममध्ये होतो. बॉनहून जीगबुर्गला जाणाऱ्या 66 मध्ये माणूस शांत बसतो, फार तर समोरच्याच्या कुत्र्याकडे बघतो. मी तिथे बसून रागाने अंगठे दुखेपर्यंत टाइप करत होतो.

पहिली गोष्ट, ते पुस्तक असं सहज म्हणून झालेलं नाही. 1994 साली रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो माणसं सीमा ओलांडून शेजारच्या झाईरमधल्या (आताचा काँगो) गोमा शहराला आली. मदत संस्थांची तिथे रीघ लागलेली होती, तरी कॉलऱ्याने काही आठवड्यांत हजारोंच्या संख्येने माणसं गेली. मदत करायला आलेले एवढे, आणि पिण्याच्या पाण्याची ही दशा. त्या शरमेतून 1997 मध्ये 'स्फिअर'चं, म्हणजे भाऊ म्हणतो त्या पुस्तकाचं, काम सुरू झालं. पाणी, अन्न, निवारा, आरोग्य या चार गोष्टींत माणसाला कमीत कमी काय मिळालं पाहिजे ते त्यात लिहिलेलं आहे. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी, डोक्यावर छप्पर असलेली साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक संडास. 2018 पर्यंत पुस्तकाच्या चार आवृत्त्या झाल्या, म्हणजे ते करणाऱ्यांनाही ते कायमचं बरोबर आहे असं वाटत नाही. आपल्याकडे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम 12 मदतीचे असेच किमान निकष ठरवायला सांगतं, आणि कलम 19 म्हणतं की राज्याचे निकष राष्ट्रीय निकषांपेक्षा कमी असता कामा नयेत. जास्त असायला कोणाची बंदी नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे निकष 2016 चे. त्यात निवाऱ्याचे साडेतीन चौरस मीटर तसेच आहेत, वीसचे मात्र तीस झाले.

हे सगळं लिहून झाल्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. पुढे लिहिलं, की जर्मनीत संकटकाळात माणशी 15 लिटर पाणी हे कायद्याच्या नियमात आहे, इस्पितळाला खाटेमागे 75. त्यासाठी शहराशहरांत विहिरी राखून ठेवल्या आहेत. भावाचं उत्तर एका मिनिटात आलं : 'आमच्या हांगा घराघरांत बांय आसा.' हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस.

बावडी आहे, खरं आहे. पूर ओसरल्यावर त्याच बावडीत आठवडाभर गाळ आणि शेणपाणी होतं, ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय हात घालायची सोय नव्हती. पण हे मला सांगायचा काय अधिकार? मी ती बावडी व्हिडिओ कॉलवर पाहिली होती.

ही परदेशातल्या माणसाची अडचण असते. आकडे माझ्याकडे, चिखल त्यांच्याकडे.

आणि आकडेही मी निवडून सांगतो. याच जर्मनीत 14 जुलै 2021 च्या रात्री आर नदीच्या खोऱ्यात पाणी शिरलं आणि 130 हून अधिक माणसं गेली. माझ्या घरापासून ही जागा तासाभराच्या आत. झिन्त्सिगमध्ये दिव्यांगांच्या वसतिगृहातले बारा जण तळमजल्यावर बुडून मेले. नदी वर चढत होती तेव्हा इशारा वेळेवर पोहोचला नाही. त्याआधी दहा महिने देशभर इशाऱ्याची रंगीत तालीम झाली होती, ती फसली होती, आणि आम्ही ऑफिसात त्यावर विनोद केले होते. एवढ्या विहिरी राखून ठेवणाऱ्या देशाला लोकांच्या मोबाइलवर सरसकट इशारा पाठवायची व्यवस्था तोवर करता आली नव्हती. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आमच्याकडे म्हादई नदी फुगली ती 23 जुलैला, आरच्या नंतर नऊ दिवसांनी. 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्री म्हणाले. गोवाभरात हजारेक घरांचं नुकसान झालं, सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा सगळीकडे. आमच्या घरात कमरेपर्यंत पाणी. आई दोन रात्री शाळेत होती.

त्या आठवड्यात मी कुठे होतो? आरच्या काठावरच्या डेर्नाउ गावात. बाउमार्क्टमधून, म्हणजे घरकामाच्या अवजारांच्या दुकानातून, फावडं आणि गमबूट घेतले होते. ग्राफशाफ्टच्या औद्योगिक वसाहतीतून मदतनिसांना नेणाऱ्या बस सुटायच्या, त्यातून खाली जायचो. द्राक्षाच्या मळ्यांखालची ती गावं चिखलाने तपकिरी झालेली. एका म्हाताऱ्या बाईच्या तळघरातून आम्ही दहा-बारा जणांनी साखळी करून बादल्या बाहेर काढल्या. तिने प्रत्येकाला ब्रोटशनमध्ये, म्हणजे छोट्या पावात, वुर्स्ट (मांसाचं सॉसेज) घालून दिलं. मी खात नाही हे तिला सांगितलं नाही, खिशात ठेवलं. रस्त्याच्या कडेला डिक्सींची, म्हणजे प्लास्टिकच्या फिरत्या संडासांची, रांग होती, मदतनिसांसाठी वेगळी, घरवाल्यांसाठी वेगळी. मी उभा राहून मोजल्या, हे आठवतं. साधारण किती माणसांमागे एक पडते त्याचा हिशेब मनात केला. अशी सवय मला कधी लागली कोण जाणे.

संध्याकाळी शॉवर घेऊन आईला फोन लावला. 'सगळें बरें आसा. जेवलो मूं तूं?' पाठीमागे पोरांचा कल्ला, कोणीतरी पेज वाढत होतं. 'संडास किती आहेत?' मी विचारलं. 'दोन,' ती म्हणाली. 'माणसं?' 'आसतीत साठ.' मी तिला फोनवरच सांगितलं की हे फार कमी आहेत, स्फिअरप्रमाणे तीन तरी हवेत, पंचाला सांग. ती बरं म्हणाली. मला वाटलं, मी लेक म्हणून काहीतरी केलं.

खरं काय घडलं ते मला दोन वर्षांनी मावशीने सांगितलं. मी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गेलो होतो, गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी बांधायला सुपारीची शिपटी आणि नारळ वर देत होतो. मावशी खालून सहज बोलल्यासारखी बोलली, की तुझ्या आईने त्या दोन दिवसांत पाण्याचा घोट घेतला नाही. घेतला तर जावं लागेल म्हणून. शाळेचे संडास अंगणापलीकडे, वाटेत व्हरांड्यावर गावातले सगळे पुरुष झोपलेले, वीज नाही, आणि आतली भांडी पहिली-दुसरीच्या पोरांच्या मापाची. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे गेलेले. कमोडचा एक संडास होता, शिक्षकांचा, पण त्याला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक नदीच्या पलीकडे. घरी परतल्यावर आठवड्याने आईला ताप भरला. इस्पितळात लघवीचा जंतुसंसर्ग सांगितला. मला तेव्हा कळवलं होतं ते एवढंच : पावसात भिजली, सर्दी-ताप आहे.

मावशीबरोबर मी त्या शाळेत गेलो. दोन खोल्या नि व्हरांडा. मी फोनवरच्या ॲपने खोली मोजली. साडेसात मीटर बाय सहा, म्हणजे 45 चौरस मीटर. साडेतीनने भागलं की तेरा माणसंही पुरी बसत नाहीत. मावशी दारात उभी राहून बघत होती. 'आनी कितें मेजतलो?' तिने विचारलं. मग तिने बोट दाखवून सांगायला सुरुवात केली. या भिंतीकडे आम्ही. तिथे गावकरांची सून, अंगावर पिणारं पोर घेऊन. फळ्याखाली म्हातारा, रात्रभर खोकत होता. दाराशी वरच्या वाड्यावरची तीन माणसं, ज्यांना आमच्या वाड्यावरचं कोणी एरवी सोप्यावर बसवत नाही. हे शेवटचं वाक्य ती हळू आवाजात बोलली.

भाऊ म्हणतो, पुरात माणूस शेजाऱ्याच्या सोप्यावर जातो. जातो, ज्याला सोपो उघडा असतो तो. बाकीचे शाळेत. आणि सोप्यावर गेलेली बाईसुद्धा शेजारणीच्या संडासात जाताना दोनदा विचार करते, कारण पाणी तिने तिच्या बावडीतून काढलेलं असतं. शेजारधर्माला मी नावं ठेवत नाही. माझ्या आईला पेज त्यानेच मिळाली, तीही गरम. पण शेजारधर्माचं ओझं फेडावं लागतं आणि आमच्यातल्या बायका ते आयुष्यभर फेडत असतात. सरकारी कागदावर लिहिलेल्या संडासाचे कोणी उपकार मानत नाही. मला तेवढ्यासाठी तो कागद हवा आहे.

तरीही भावाचं एक म्हणणं खोडता येत नाही. निकष पाळला होता. तीसमागे एक होता आणि आई तहानलेली राहिली. तीसचे वीस केले असते, तिसरा संडास त्याच अंगणापलीकडे बांधला असता, तरी ती गेली नसती. मी फोनवर तिला तीनचा आकडा सांगत होतो तेव्हा तिला हवी होती एक बॅटरी आणि एक किल्ली. गंमत म्हणजे स्फिअरच्या पुस्तकात हेही आहे. संडासाला आतून कडी, वाटेवर उजेड, पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन, म्हाताऱ्यांना वापरता येतील असे, आणि कुठे बांधायचे ते वापरणाऱ्यांनाच विचारून ठरवायचं. ते पुस्तक मी दहा वेळा चाळलं, मित्रांना त्यातले आकडे तोंडपाठ सांगितले, आणि आईला फोनवर जे विचारलं ते 'किती आहेत' एवढंच. 'तू गेलीस का' हे विचारायला लाज वाटली. मुलगा आईला असलं विचारतो का? आमच्याकडे नाही. इथल्यासारखं मोकळेपणाने बोलता येतं असं मी ज्यांना सांगतो, त्यांना हे सांगत नाही.

आणि विमानं चालू होती. महामारीचे दिवस, चाचण्या, विलगीकरण, सगळं होतं, पण कामावरचे दोघे त्याच महिन्यात भारतात जाऊन आले. मी डेर्नाउला गेलो, कारण तिथे बसने जाता येत होतं आणि संध्याकाळी परत येता येत होतं. त्या म्हाताऱ्या जर्मन बाईने माझा हात धरून तीनदा डांके (धन्यवाद) म्हटलं, ते मला आवडलं. घरी गेलो असतो तर डांके कोणी म्हटलं नसतं, उशीर का केलास ते विचारलं असतं.

परवा भावाला खासगीत लिहिलं. वाद नको म्हणालो. पुढच्या बैठकीत एवढंच मांड, की निकष बदलायचे तर तीस-वीस नंतर बघू, आधी 2021 ला शाळेत राहिलेल्या बायकांना बसवून विचारा, पंच आणि मास्तर बाहेर थांबून. शाळेतल्या कमोडची किल्ली पावसाळ्याचे चार महिने गावातच राहू दे. त्याने निळी टिकं आल्यावर बराच वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं, किल्लीचं बघतो. बायकांचं तू येऊन विचार, आमच्यापुढे त्या बोलायच्या नाहीत. लगेच दुसरी ओळ : 'चवथीक येतलो मूं?'

मी अंगठा पाठवला. तिकीट अजून बघितलेलं नाही.