सोनभद्रच्या ३००० टन सोन्याचा मेसेज : जरा थांबा, आधी हे वाचा

आपल्या कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायला लागलाय, यूपीत सोनभद्रला ३००० टन सोनं सापडलं, भाव आपटणार, आत्ता खरेदी करू नका. अहो ही बातमी फेब्रुवारी २०२० ची आहे आणि तेव्हाच खोटी ठरलीय. जमिनीतली खनिजं शोधणाऱ्या जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेनं लगेच खुलासा केलेला की असला अंदाज आम्ही दिलेलाच नाही, १९९८ ते २००० च्या दरम्यान सोनभद्रच्या सोन पहाडीत सर्व्हे झाला त्यात सुमारे ५२,८०६ टन धातुक दगड, म्हणजे सोनं मिसळलेला दगड, असल्याचा अंदाज निघाला आणि एका टनात सोनं किती, तर सरासरी ३.०३ ग्रॅम. करा की गुणाकार, जेमतेम १६० किलो होतंय, आणि तेही सगळंच्या सगळं हाती लागेल असं नाही. उसाचं वजन म्हणजे साखरेचं वजन नव्हं, हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायला पायजे का?

आणि ३००० टन म्हणजे किती ते तरी बघा, रिझर्व्ह बँकेकडं तेव्हा सगळं मिळून सहाशे-साडेसहाशे टन होतं!

लग्नाचे दागिने थांबवून बसला असाल तर निदान या मेसेजवर तरी थांबू नका.