पाच वर्षं घरात काहीच बिघडणार नाही, हे कुणी ठरवलं?

दिवाळखोरी म्हणजे कर्ज बुडवायची पळवाट, असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा इथे अमेरिकेत चॅप्टर १३ चा, म्हणजे दिवाळखोरी कायद्यात कोर्टाच्या संरक्षणाखाली तीन ते पाच वर्षं हप्ते भरायचा, परतफेडीचा प्लॅन भरून बघावा. अहो, आम्ही पैसे द्यायलाच बसलोय! घर वाचवायचंय, थकलेले हप्ते फेडायचेत, म्हणून तर हा रस्ता धरला. आणि द्यायला बसलेल्या माणसालाच हे लोक पिळून काढतात.

पहिला संताप उत्पन्नाचा. फॉर्मवर लागते अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांची सरासरी. आता मला सांगा, घर जायची वेळ आलेला माणूस ते सहा महिने काय करत असतो? मिळेल ती शिफ्ट मारत असतो! नवऱ्याने रात्र बघितली नाही की रविवार बघितला नाही. तो ओव्हरटाइम कधीच बंद झालाय, पण सरासरीत तो धरलेला आहेच. तेवढ्यामुळे आम्ही राज्याच्या मीडियन, म्हणजे अगदी मधल्या कुटुंबाच्या, उत्पन्नाच्या वर गेलो आणि तीन वर्षांचा प्लॅन पाच वर्षांचा झाला. राबला म्हणून दोन वर्षं वाढीव! पुढे उत्पन्न घटणार हे जवळपास निश्चित असेल, तर हप्ता ठरवताना कोर्ट ते विचारात घेऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय. पण ते सिद्ध कोण करणार? आम्हीच. कंपनीचं पत्र आणा, पगाराच्या स्लिपा आणा, वकिलाला पुन्हा फोन करा.

मग खर्च. जेवणखाण, कपडे, साबण-सोडा यांचे आकडे आयआरएसच्या, म्हणजे इथल्या आयकर खात्याच्या, तक्त्यातून, घरात माणसं किती त्यावर. आमच्या घरात पाणी तापवायचा हीटर गळतोय. खाली बादली लावलीय, रात्री उठून ओतावी लागते. घरदुरुस्तीच्या रकान्यात त्याच्यासाठी थोडी रक्कम धरली होती, तर वकील म्हणतात ट्रस्टी (म्हणजे केसवर लक्ष ठेवून आमचे हप्ते सावकारांना वाटणारा माणूस) हरकत घेईल, कमी करा. कमी केली. मुलीच्या दातांचं काम पुढे ढकललं, तीही रक्कम गेली. सगळी काटछाट करून जे उरलं ते म्हणे आमचं ‘शिल्लक उत्पन्न’, आणि ते सगळं हप्त्यात. आमच्या हाती काय? काही नाही!

आणि घाई तर अशी, की अर्ज केल्यापासून १४ दिवसांत प्लॅन द्या आणि ३० दिवसांत पहिला हप्ता सुरू करा. प्लॅन कोर्टाने मंजूर केलेला नसला तरी! त्या हप्त्यातून ट्रस्टीची १० टक्क्यांपर्यंतची फी जाते ती वेगळीच.

यात गाडी बंद पडली तर? नवऱ्याची नोकरी गाडीवर, हप्ता नोकरीवर. दुरुस्तीला पैसे घातले की हप्ता चुकला. हप्ते चुकत गेले की ट्रस्टी केस काढून टाकायला सांगणार. केस गेली की कोर्टाचं संरक्षण गेलं, बँक घर लिलावात काढायला मोकळी, आणि क्रेडिट कार्डवाले थांबलेलं व्याज जोडून पुन्हा दारात. तीन-चार वर्षं पोटाला चिमटा काढून भरलेलं असलं तरी उरलेलं कर्ज माफ होत नाही. वर्षाच्या आत पुन्हा अर्ज केला, तर संरक्षण ३० दिवसांचं; वाढवून हवं असेल तर पुन्हा कोर्टात हात जोडा. प्लॅन मध्येच बदलून घेता येतो हे मलाही माहीत आहे. पण त्यासाठी वकिलाला पैसे लागतात, आणि पैसे असते तर हप्ता चुकला असता का?

अडीअडचणीला म्हणून महिन्याला थोडी रक्कम हक्काने बाजूला ठेवू द्या ना! सावकारांना दोन पैसे उशिरा मिळतील, पण मिळतील तरी. आमचा प्लॅन मध्येच कोसळला तर त्यांना काय मिळणार आहे? एवढी साधी गोष्ट हे नियम करणाऱ्यांच्या डोक्यात का शिरत नाही?