राज्य म्हणजे ‘मोठी नगरपालिका’ नव्हे

माझी भाची पुण्यात राज्यसेवेची तयारी करते. परवा घरी आली तेव्हा तिची वही सहज चाळत होते. राज्यघटनेच्या नोट्समध्ये हिरव्या शाईने चौकट करून लिहिलं होतं : ‘राज्य सरकार = मोठी नगरपालिका. अधिकार केंद्राने दिलेले, केंद्र कधीही काढून घेऊ शकतं.’ हे कुठल्या पुस्तकातलं, असं विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. अभ्यासिकेच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड होता. तोच त्या आठवड्यात मलाही दोनदा आला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. परीक्षेला बसणारी मुलं तो पाठ करतायत म्हटल्यावर मात्र गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा हा नगरपालिकेचाच. तो नवीनही नाही. राज्यांच्या नगरपालिका करून टाकल्या, ही तक्रार घटना तयार होत होती तेव्हाही झाली होती आणि संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी तिला उत्तर दिलं आहे. ही तक्रार अतिशयोक्त आहे आणि गैरसमजातून आली आहे, असं ते म्हणाले. त्यांचा मुद्दा असा : कायदे करण्याची आणि राबवण्याची सत्ता केंद्र आणि राज्यांत वाटली आहे ती केंद्राच्या एखाद्या कायद्याने नव्हे, तर खुद्द घटनेने. त्या सत्तेसाठी राज्यं केंद्रावर अवलंबून नाहीत, या बाबतीत दोघं बरोबरीचे आहेत. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी हे सभागृहात उभं राहून सांगितलंय. त्यावर फॉरवर्ड लिहिणाऱ्याचं काय म्हणणं आहे?

नगरपालिकेचे अधिकार विधिमंडळाच्या कायद्यातून येतात, आणि विधिमंडळ ते वाढवू-घटवू शकतं. राज्याचे अधिकार घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत आहेत : पोलीस, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य. तुमचा सातबारा, गावातलं ग्रामीण रुग्णालय, तालुक्याचं पोलीस ठाणं, हे सगळं तिथलं. ती सूची बदलायची तर अनुच्छेद ३६८(२) नुसार संसदेतलं विशेष बहुमत पुरत नाही, किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. जीएसटीसाठी २०१६ मध्ये घटनादुरुस्ती झाली तेव्हा ती राज्यांकडे पाठवावी लागली. आसामने पहिली मान्यता दिली. ‘कधीही काढून घेऊ शकतं’ असं असतं तर केंद्राने हा खटाटोप कशाला केला असता?

दुसरा दावा : राष्ट्रपती राजवट लावली की कुणी जाब विचारू शकत नाही. १९९४ च्या आधी कुणी हे म्हणालं असतं तर मी समजून घेतलं असतं. १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालेलं आपण पाहिलंय. पण कर्नाटकात काय झालं ते बघा. एप्रिल १९८९ मध्ये १९ आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे गेली. त्यातले सात जण लगेच फिरले, आमची दिशाभूल करून सह्या घेतल्या म्हणाले. मुख्यमंत्री बोम्मई सभागृहात बहुमत सिद्ध करायला तयार होते. तरी २१ एप्रिलला राष्ट्रपती राजवट लावून सरकार बरखास्त केलं. ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ही बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. बहुमत सभागृहातच तपासायचं आणि राष्ट्रपतींची घोषणा न्यायालय तपासू शकतं, हे तेव्हा पक्कं झालं. त्याच निकालात न्या. जीवन रेड्डींनी लिहिलंय की राज्यं ही केंद्राची नुसती उपांगं नाहीत, आपल्या वाट्याच्या क्षेत्रात ती सर्वोच्च आहेत. २०१६ मध्ये तर अरुणाचलचं गेलेलं सरकार न्यायालयाने परत आणलं.

‘राज्यं केंद्राच्या पैशावर जगतात’ हा तिसरा दावा. केंद्र गोळा करतं त्या करांच्या विभाज्य (म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायच्या) निधीतला वाटा राज्यांना घटनेनेच दिलाय. पंधराव्या वित्त आयोगाने तो ४१ टक्के ठरवला. त्याला दान म्हणणं हा खोटारडेपणा आहे. उलट उपकर आणि अधिभार या निधीत धरलेच जात नाहीत, राज्यांची खरी तक्रार तिथे आहे.

चौथा दावा : घटनेत भारताला ‘फेडरेशन’ म्हटलेलं नाही, ‘युनियन’ म्हटलंय. हे खरं. पण त्यावरून राज्यांना हक्क नाहीत असा अर्थ काढणं चूक. ‘युनियन’ शब्द घेतला तो कुठलंही राज्य फुटून निघू नये म्हणून, हे बाबासाहेबांनीच ४ नोव्हेंबर १९४८ ला सांगितलं होतं.

केंद्र राज्याच्या सीमा बदलू शकतं, अख्खं राज्य केंद्रशासितही करू शकतं, हा शेवटचा मुद्दा मात्र बराचसा मान्य करावा लागतो. राज्याच्या सीमा संसद बदलू शकते. विधानसभेचं मत मागवायचं असतं, ऐकायचं बंधन नसतं. जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक फेटाळलं, पुढच्याच महिन्यात संसदेने ते मंजूर केलं. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरचं राज्यपण गेलं तेव्हा तिथे विधानसभाच नव्हती. मला हे पटत नाही. पण अख्खं राज्य केंद्रशासित करता येतं का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये खुला ठेवलाय. तो सुटल्यासारखं फॉरवर्डमध्ये का लिहिलंय?

भाचीने ती हिरवी चौकट खोडली आणि शेजारी ‘३६८(२)’ लिहिलं. मग ग्रुपवर नगरपालिकेच्या तक्रारीला उत्तर देणाऱ्या त्या भाषणाची तारीख टाकली. अजून तरी कुणाचं उत्तर आलेलं नाही.