बालेकिल्ला आणि निळ्या पट्टीची टोपी

२०२५च्या ऑक्टोबरात नाशिकहून येणाऱ्या रील्सनी आमच्या घरातले फोन भरून गेले होते. कालपर्यंत चौकाचौकांतल्या बॅनरवर 'भाऊ' आणि 'दादा' म्हणून झळकणारी मंडळी पोलिसांनी पकडल्यावर लंगडत, हात जोडत कॅमेऱ्यासमोर यायची आणि पढवल्यासारखी म्हणायची, 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला'. माझं माहेर नाशिकरोडचं. त्यामुळे खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन-चार रील मीही मिटक्या मारत पाहिल्या. नात्यातल्या ग्रुपवर तर दिवाळी आधीच आली होती. मावसभावाने लिहिलं, "ताई, याला म्हणतात पोलीस. नाहीतर तुमच्या लंडनचे, चोराला सर म्हणणारे."

मी लंडनात राहत नाही, रेल्वेने तासाभरावरच्या गावात राहते. पण नातेवाइकांच्या नकाशावर अख्खं इंग्लंड म्हणजे लंडन, तेव्हा ते सोडून देऊ. त्याचं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. आमच्या भागात गस्त घालणाऱ्या बाई त्याने पाहिल्या असत्या तर तो हसून लोळला असता.

या बाई पीसीएसओ आहेत, म्हणजे पोलीस कम्युनिटी सपोर्ट ऑफिसर. नेमकं सांगायचं तर त्या पोलीस नव्हेतच. खऱ्या पोलिसाच्या टोपीवर काळ्या-पांढऱ्या चौकड्या असतात, यांच्या टोपीला साधी निळी पट्टी. कमरेला दंडुका नाही, बेड्या नाहीत, आणि अटक करायचा अधिकार तर नाहीच. अल्पवयीन पोराच्या हातातली बिअर काढून घ्यायची, सापडलेला गांजा जप्त करायचा, नाव-पत्ता विचारायचा, किरकोळ दंडाची पावती फाडायची, आणि काही ठिकाणी खरा पोलीस येईपर्यंत एखाद्याला अर्धा तास थांबवून ठेवायचं, एवढीच काय ती सत्ता. २००२च्या पोलीस सुधारणा कायद्याने ही पदं आली. तेव्हाचे गृहमंत्री डेव्हिड ब्लंकेट, म्हणून लोकांनी यांना 'ब्लंकेटचे बॉबी' म्हटलं. 'प्लास्टिक पोलीस' हे नाव तर कायमचं चिकटलं. २००७ साली विगनजवळच्या एका तळ्यात दहा वर्षांचा मुलगा बुडाला आणि तिथे पोचलेले दोन पीसीएसओ पाण्यात उतरले नाहीत, तेव्हा देशभर संताप उसळला. ते पोचले तेव्हा मुलगा पाण्यावर दिसतच नव्हता, हे पोलिसांचं म्हणणं फारसं कुणी ऐकून घेतलं नाही. फुकटचा पगार, फुकटचा गणवेश, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते.

मग या बाई करतात काय? चालतात. कुत्री फिरवणाऱ्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारतात, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या गुजराती काकांकडे चोऱ्यामाऱ्यांची चौकशी करतात, अधूनमधून वाचनालयात टेबल मांडून बसतात. पोलिसांच्या संकेतस्थळावर आपला पोस्टकोड टाकला की भागातल्या पथकात कोण आहे, पुढची बैठक कधी आहे आणि मागच्या महिन्यात कुठल्या रस्त्यावर कसले गुन्हे नोंदले गेले, याचा नकाशाच समोर येतो. नाशिकरोडला आमच्या पेठेचे बीट हवालदार कोण, हे वडिलांना ठाऊक असायचं. आज तिथे राहणाऱ्या माझ्या भावाला ठाऊक नाही.

या चालण्याचा उपयोग कळायला इथल्या ड्रग्जच्या धंद्याची रीत माहीत हवी. लंडन, लिव्हरपूल, बर्मिंगहॅमच्या टोळ्या लहानसहान गावांत माल विकतात. त्यासाठी प्रत्येक टोळी एक मोबाइल नंबर चालवते, त्यावर ऑर्डर येते. या प्रकाराला 'काउंटी लाइन्स' म्हणतात. माल पोचवायला चौदा-पंधरा वर्षांची पोरं वापरतात, कारण ती स्वस्त पडतात आणि घाबरतात. गावात मुक्कामाला जागा लागते, म्हणून एकटा राहणारा, व्यसनात किंवा आजारपणात अडकलेला माणूस हेरतात. आधी त्याला फुकट माल देतात, थोडी मैत्री करतात, आणि मग कोकिळेने कावळ्याच्या घरट्यात अंडी घालावीत तसं त्याच्याच घरात बस्तान बसवतात. घरमालक आपल्याच घरात भीतीने कोपऱ्यात.

अशा घरावर टीप मिळाल्याशिवाय छापा पडत नाही, आणि टीप देणार कोण? आमच्या मागच्या रस्त्यावर असंच एक घर होतं. तिथले आजोबा रोज सकाळी पेपर आणायला जायचे, ते दिसेनासे झाले. पडदे दिवसाही ओढलेले, जिन्यावर रात्री-अपरात्री अनोळखी पोरं. शेजारची बाई पोलिसांच्या हेल्पलाइनला फोन करायला तयार नव्हती. नाव सांगा, जबाब द्या, उद्या ती पोरं दारात आली तर काय, ही तिची भीती अगदी आपल्यासारखीच. निळ्या पट्टीवाल्या बाईंना मात्र तिने कुत्र्याला फिरवता फिरवता सांगून टाकलं. पुढे खरे पोलीस आले, कोर्टाच्या आदेशाने घर काही काळ बंद झालं, आजोबांची दुसरीकडे सोय झाली. पकडलेल्यांत एक पोरगा सोळाचाही नव्हता. त्याला गुन्हेगार मानायचं की वेठीला धरलेलं मूल, हा वाद इथे २०१५च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यामुळे कोर्टात घालता येतो.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या बाईंना अटक करता येत नव्हती, म्हणूनच शेजारीण बोलली. समोरच्याच्या हातात आपलं किंवा दुसऱ्या कुणाचं बरंवाईट करायची ताकद नसली की माणूस सैल सुटतो.

याचा अर्थ इथे सगळं आलबेल आहे असा कुणी घेऊ नये. माझी सायकल चोरीला गेली तेव्हा ईमेलने तक्रार क्रमांक आला, आणि पाठोपाठ तपास बंद झाल्याचा दुसरा ईमेल. २०२१ साली लंडनमध्ये सेवेतल्या पोलिसानेच एका तरुणीला पळवून तिचा खून केला. त्यानंतर नेमलेल्या लुईज केसी यांच्या मार्च २०२३च्या अहवालाने तिथल्या पोलीस दलात वंशभेद आणि स्त्रीद्वेष संस्थेतच मुरलेला असल्याचं नोंदवलं. ड्रग्जची विषबाधा झाल्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ या एका वर्षात ५,४४८ मृत्यूंची नोंद झाली, १९९३पासून तोवरचा हा सर्वांत मोठा आकडा. आणि ज्यांचं मी एवढं कौतुक करते आहे ते पीसीएसओ २०१०मध्ये सतरा हजारांच्या घरात होते, आता आठ हजारांच्याही खाली आले आहेत. काटकसर करायची वेळ आली तेव्हा कात्री पहिली यांच्यावर चालली, कारण गप्पांचा हिशेब कुठल्या तक्त्यात मांडता येत नाही. आता सरकार २०२९पर्यंत वस्तीपातळीवरचे तेरा हजार जादा पोलीस आणि पीसीएसओ देऊ म्हणतंय. बघू.

आपली इथली मंडळी या सगळ्यात कुठे बसतात, तेही सांगायला हवं. गणेशोत्सवानंतर हॉलच्या पार्किंगमध्ये उभं राहून होणारी चर्चा मी बरीच ऐकली आहे. 'इथले पोलीस फारच मऊ. त्या पोरांना थांबवून झडत्या घेतल्या पाहिजेत.' 'ती पोरं' म्हणजे कोण, हे न सांगता सगळ्यांना कळतं. झडत्या होतातच, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ड्रग्जच्याच संशयावरून. दहातल्या साधारण सात वेळा पुढे काहीच कारवाई होत नाही, आणि काळ्या तरुणांच्या वाट्याला त्या त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त येतात. मग एका संध्याकाळी आपल्यातल्याच एका गृहस्थांच्या मुलाला स्टेशनबाहेर थांबवून खिसे रिकामे करायला लावले. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांनी खासदाराला दोन पानी पत्र लिहिलं. नागरी हक्कांवर इतकं सुंदर इंग्रजी मी क्वचितच वाचलं आहे.

नाशिकच्या रील्सचंही तेच. धिंड निघते ती कुणाची? वस्तीतल्या पोरांची. मे २०२४मध्ये पुण्यात पोर्शेखाली दोघं मेले तेव्हा गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध मिळाला, ससूनमध्ये त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण पुढे आलं. त्याच्या घरच्यांना कुणी कॅमेऱ्यासमोर 'पुणे, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावलं नाही. लावावं असंही माझं म्हणणं नाही. कोर्टाआधी शिक्षा होऊ लागली की ती कुणाला होणार हे पोलिसाच्या मर्जीवर ठरतं, आणि ती मर्जी पैशाकडे आणि ओळखीकडे बघून चालते, हे महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला मी काय सांगावं?

आता एमडीकडे येते, कारण माझ्या माहेरच्या लोकांना खरी चिंता त्याची आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ही नशेची भुकटी आधी इकडे माजली. २०१०च्या एप्रिलमध्ये ब्रिटनने बंदी घालेपर्यंत ती झाडांचं खत म्हणून ऑनलाइन विकली जायची आणि पोरं तिला 'म्याव म्याव' म्हणायची. आपल्याकडे ती अमली पदार्थांच्या यादीत आली २०१५मध्ये. आणि ऑक्टोबर २०२३मध्ये आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, पुणे रस्त्यावरच्या शिंदे गावात, तिचा कारखानाच सापडला. सापडला तो मुंबईच्या साकीनाका पोलिसांना. ते एवढ्या लांबून येऊन छापा घालतात आणि तिथल्या कुणाला पत्ता नाही, यावरून नाशिक पेटलं होतं. चारच महिन्यांनी दौंडजवळ कुरकुंभला पुणे पोलिसांनी कारखाना पकडला. त्या तपासात पुणे, सांगली आणि दिल्ली मिळून सतराशे किलोहून अधिक एमडी हाती लागलं. जून २०२४मध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या पबमधला व्हिडिओ फिरला, लगेच बेकायदा बांधकामांवर बुलडोझर गेला. छापा, बुलडोझर, धिंड. यातलं काही करू नये असं नाही. कारखाना पकडायला तपासच लागतो, गप्पा मारून तो सापडणार नाही.

पण कारखान्यातला माल शेवटी कुठल्यातरी गल्लीत, कुठल्यातरी घरातल्या पोराच्या खिशात येतो. नाशिकरोडला माझ्या ओळखीतल्या एका काकूंच्या मुलाच्या बाबतीत हे झालं. घरातून पैसे जायला लागले, मुलगा रात्र रात्र जागा, वजन उतरलेलं. माल कुठे मिळतो हेही त्यांना कळलं होतं. त्या माझ्याशी फोनवर रडल्या, पण चौकीत गेल्या नाहीत. गेल्या असत्या तर काय, म्हणाल्या, एकतर पोरावर केस, नाहीतर मिटवायला पैसे. आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात ६४-अ कलम आहे. स्वतःच्या सेवनापुरता किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपण होऊन उपचार घेतले तर त्या गुन्ह्याचा खटला टळतो. हे त्या माउलीला सांगणारं त्या पेठेत एकही माणूस नव्हतं. मीच सांगितलं, साडेचार हजार मैलांवरून.

आणि असा माणूस आपल्याला नवा आहे का? १९६७च्या ग्रामपोलीस अधिनियमापासून गावोगाव पोलीस पाटील आहेत. गावातलाच माणूस, बंदूक नाही, मानधनावर काम. २०२४च्या मार्चमध्ये ते मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. त्यांच्यात राजकारणी आहेत, आळशी आहेत, पण 'पाटलाच्या कानावर घालू' हे वाक्य गावात अजून चालतं. शहरात महापालिकेच्या हद्दीत हे पदच नसतं, आणि एमडी विकलं जातं ते मुख्यतः शहरात. भिवंडीत १९८४च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी पोलीस आणि रहिवाशांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तो प्रयोग नावाजला गेला, आणि मग अधिकारी बदलले की समित्यांचं जे होतं ते झालं.

शहरातही वॉर्डावॉर्डात असा, अटकेचा अधिकार नसलेला एक पाटील नेमावा, असं म्हणत हे सगळं मी ग्रुपवर एवढ्याच लांबीचं लिहिलं. (वहिनीने अंगठा टाकला. वाचलं नसावं.) मावसभावाचा प्रश्न एका ओळीचा होता: "तुझ्या या वॉर्ड पाटलाला हप्ता सुरू झाला तर?" प्रश्न चोख आहे. माझं उत्तर असं की ज्याला केस करताच येत नाही, त्याला केस मिटवायचे पैसे कुणी का द्यावेत. टीप विकून तो थोडंफार कमावेल, ते नाकारत नाही. पण त्याचं नाव आणि फोटो वाचनालयाच्या भिंतीवर असला, वॉर्डाच्या बैठकीत दर महिन्याला लोकांसमोर उभं राहावं लागलं, तर लपून काही करणं त्याला अवघड जाईल.

यावर निवृत्त हवालदार असलेले आमचे भाऊकाका, जे एरवी फक्त सुप्रभात पाठवतात, पहिल्यांदा बोलले. "पोरी, कल्पना चांगली आहे. पण तुझा माणूस गल्लीत दिसणार कधी? गणपती, नवरात्र, आंबेडकर जयंती, मंत्र्याचा दौरा. होमगार्डचं काय झालं बघ. २०२७च्या सिंहस्थात पहिला घाटावर उभा करतील तो त्यालाच." त्याला बंदोबस्ताला लावता येणार नाही, असं कायद्यातच लिहा, असं मी कळवलं. काकांनी हसणारा चेहरा पाठवला आणि विचारलं, ते वाचून दाखवायला पोलीस ठाण्यात कोण जाणार.