ब्राझीलच्या 'सापांच्या बेटा'बद्दलचं ते फॉरवर्ड

"ब्राझीलच्या बेटावर दर चौरस मीटरला पाच साप, समुद्री चाच्यांनी खजिना राखायला सोडलेत" असं फॉरवर्ड परत फिरतंय, तर हे चुकीचं आहे. बेटाचं नाव इल्या दा केमाडा ग्रांजी, साओ पाउलोच्या किनाऱ्यापासून ३५ किमीच्या आसपास, क्षेत्रफळ जेमतेम ४३ हेक्टर, म्हणजे ४ लाख ३० हजार चौरस मीटर. पाचने गुणून बघा, एकवीस लाखांच्या वर साप होतात! अभ्यासकांचा अंदाज दोन ते चार हजारांच्या घरातला आहे.

आणि कोणी आणून सोडले नाहीत हो. साधारण ११ हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढली, बेट किनाऱ्यापासून तुटलं आणि साप तिकडेच अडकले. हा गोल्डन लान्सहेड, आपल्या चापड्यासारखाच पिट व्हायपर, म्हणजे डोळा आणि नाकपुडीच्या मधे उष्णता टिपणारी खाच असते. बेटावर खायला उंदीर-घुशी नाहीत, म्हणून मोठे साप झाडावर चढून मुख्यतः स्थलांतर करून येणारे छोटे पक्षी धरतात, आणि एरवी असे साप उंदराला चावून सोडून देतात, मग वासाने माग काढतात, पण पक्षी सोडला तर उडून जाईल म्हणून हा तोंडातच घट्ट धरून ठेवतो. पिल्लं गोम, बेडूक, सरडे खातात.

विष जहाल आहेच, पण माणसाला चावल्याची अधिकृत नोंद नाही. बेटावरच्या दीपगृहवाल्याचं अख्खं कुटुंब साप चावून मेलं असं सांगतात, ती दंतकथाच. उलट हा सापच अतिसंकटग्रस्त आहे, तस्करीसाठी चोरून पकडतात. जगात दुसरीकडे कुठल्याच जंगलात तो नाही, प्लीज ते फॉरवर्ड थांबवा.