पेन्शन आहे, मग कसली मनाची तयारी?

निवृत्तीवरचा एक मजकूर सध्या आमच्या नाशिककर ग्रुपांवर फिरतोय. सारांश असा: पेन्शन आणि तब्येत धड असली की मनाची तयारी वगैरे सगळे चोचले. आयुष्यभर राबलात, आता आराम करा. घरच्यांना तुमचा वेळच हवा असतो. छंद काय, नंतर लागतातच. आणि जितक्या लवकर निवृत्त व्हाल तितकं जास्त जगाल, बोइंग कंपनीचा तसा अभ्यासच आहे म्हणे!

बोइंगचं आधी निकालात काढू. ‘६५व्या वर्षी निवृत्त होणारे सरासरी १८ महिन्यांत जातात’ ही थाप इंग्रजीतून आलेली आणि जुनी आहे. खुद्द बोइंगनेच ती खोटी ठरवली आहे. शिवाय काही जण तब्येत बिघडली म्हणूनच वेळेआधी नोकरी सोडतात, त्यामुळे लवकर आणि उशिरा असा सरळ हिशोब मांडताच येत नाही.

पेन्शनचं म्हणाल, तर लिहिणारा बहुधा सरकारी खात्यातला असावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून ५८व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला बहुतेकदा ईपीएस-९५, म्हणजे पीएफबरोबरची पेन्शन योजना येते. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ३५ वर्षांची नोकरी धरली तरी महिन्याला साधारण ७,५०० रुपये, आणि किमान पेन्शन १,०००. त्याला मनाच्या तयारीचे डोस पाजू नयेत, हे मान्य. पण भरघोस पेन्शनवाल्याचं काय? पैसे महिन्याच्या महिन्याला जमा होतात. सकाळी थांब्यावर कंपनीच्या बसची वाट बघताना ‘काय साहेब!’ म्हणणारी माणसं मात्र खात्यात जमा होत नाहीत.

आरामही सुरुवातीला गोडच लागतो. रॉबर्ट ॲचली या अमेरिकी अभ्यासकाने १९७०च्या दशकातच निवृत्तीचे टप्पे मांडले, त्यात मधुचंद्रानंतर भ्रमनिरास येतो. सगळ्यांना सगळे टप्पे लागतातच असं नाही, पण चारधाम आणि मुलीकडचा मुक्काम उरकल्यावर येणारा रिकामा मंगळवार बऱ्याच जणांच्या ओळखीचा असेल.

‘घरच्यांना तुमचा वेळ हवा असतो’ हे वाक्य एखाद्या गृहिणीने लिहिलेलं नाही, एवढं पैजेवर सांगतो. आमच्या ओळखीचे एक काका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचे. निवृत्तीनंतर त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डब्यांवर भरल्याच्या तारखा, सिलिंडर कधी लावला त्याची वही, ‘एवढी हळद महिन्यात संपतेच कशी?’ काकूंचं म्हणणं, ‘अहो, तीस वर्षं हे घर तुमच्याशिवाय चालवलंय, तुम्ही जरा गंगापूर रोडला फिरून या.’ काका दुखावले. काकूंची सकाळ, भिशी, भजनी मंडळ, दुपारची झोप हे सगळं आधीपासून ठरलेलं होतं आणि त्यात काकांसाठी जागा केलेली नव्हती. ती कुठे आणि किती करायची, हे दोघांनी आधी बोलायला हवं होतं.

शिक्षिका किंवा बँकेतली बाई निवृत्त झाली, तर उलटंच. ‘आता तू मोकळीच आहेस’ म्हणत नातवंडं, कुरडया, आजारी सासूबाई सगळं तिच्याकडे. तिच्या निवृत्तीबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही.

छंद नंतर लागत असतील, ओळखी लागत नाहीत. मे महिन्यात गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेला किंवा सार्वजनिक वाचनालयात जाऊन बघा. तिथे रमलेले बरेच जण नोकरीत असल्यापासून येत असतात, आणि कोण कुठल्या हुद्द्यावर होतं हे तिथे कुणी विचारत नाही.

सरकारी नोकरीत अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवून शेवटी तिचे पैसे घेतात. त्यातले पंधरा दिवस आधीच खर्च करा. गावाला नाही, लग्नकार्याला नाही, नुसतं घरी बसा. थोडे पैसे बुडतील. पण सोळाव्या दिवशी परतायला ऑफिस असतं, आणि काय काय ठरवायचं राहिलंय ते तोवर घरातल्या दोघांनाही कळलेलं असतं.