वाटेतच तर आहे!

जिओकॅशिंगबद्दल मराठी माणसाशी बोलायला गेलं की पहिली पाच मिनिटं ‘कॅश’ या शब्दातच खर्ची पडतात. रोकड नव्हे हो, कुणीतरी लपवलेला डबा! त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर दिलेले असतात. आपण फोन घेऊन तिथे जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तसा परत ठेवून यायचं. ‘मग मिळतं काय?’ सही करायला मिळते. इथे समोरचा चहा संपवून उठतो.

हे ऐकूनही जे बसून राहतात त्यांच्यासाठी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात एक त्रिस्थळी यात्रा आहे. काशी-प्रयाग-गयेइतकी पुण्याची नसेल, पण दमवते तेवढीच. पहिलं स्थळ सिएटलच्या फ्रीमाँट भागातलं खेळाचं मुख्यालय. तिथे भेटीची वेळ आधी ठरवून जायचं. दुसरं स्नोक्वाल्मी बोगद्यापलीकडचा डबा. एका चित्रपटाच्या जाहिरातीसाठी २००१ साली जे डबे ठेवले होते त्यातला हा एक. २०११ मध्ये तो चोरीला गेला आणि २०१६ मध्ये परत आला. तिसरं ऑरेगनमधलं बीव्हरक्रीक, म्हणजे खेळाची जन्मभूमी. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी तिथे एक बादली अर्धी जमिनीत पुरून ठेवली. आत वही-पेन्सिल, पुस्तकं, बेचकी आणि घेवड्याचा एक डबाबंद कॅन होता. आजच्या नियमांप्रमाणे जमीनमालकाच्या परवानगीशिवाय डबा पुरायचा नाही आणि आत खाण्याचं काही ठेवायचं नाही. थोडक्यात, आद्य डबा आज मंजुरीलाच अडला असता. आता तिथे स्मरणफलक आहे.

तिन्ही ठिकाणं गूगल मॅप्सवर ओळीने टाकली की चारशेहून जास्त किलोमीटर आणि पाचेक तासांचं ड्रायव्हिंग दिसतं. आकडा बरा वाटतो. घात होतो तो पुढच्या विचाराने: एवढं जातोच आहोत, तर वाटेतले डबेही करू या.

‘वाटेत’ म्हणजे काय याची सॉफ्टवेअरची आणि आपली व्याख्या जन्मात जुळत नाही. पद्धत साधी आहे. मार्ग आखायचा, त्याची केएमएल किंवा जीपीएक्स फाइल (नकाशावरची रेघ साठवणारी) करून खेळाच्या संकेतस्थळावर चढवायची आणि त्या रेघेपासून किती अंतरातले डबे हवेत ते सांगायचं. त्याला पॉकेट क्वेरी म्हणतात, आणि ती पैसे भरणाऱ्या सदस्यालाच मिळते. समजा दोन किलोमीटर सांगितले, तर सॉफ्टवेअर रेघेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन किलोमीटरचा पट्टा धरून आतलं सगळं उचलतं. कलामा गावाजवळ आय-५ महामार्ग कोलंबिया नदीला खेटून जातो. पैलतीरावरचा ऑरेगनमधला डबा रेघेपासून दीड किलोमीटर, म्हणून यादीत हजर. पूल मात्र उत्तरेला लाँगव्ह्यूला. एका बाजूचा वळसा पंचवीस-तीस किलोमीटर, परतीचा तेवढाच. सॉफ्टवेअर पोहत जात असावं.

विसाव्याच्या जागांची तऱ्हा याहून कावेबाज. मेटाउनचा थांबा दक्षिणेला जाणाऱ्यांसाठी आणि जवळचा स्कॅटर क्रीकचा उत्तरेला जाणाऱ्यांसाठी. नकाशावर दोन्ही खुणा रस्त्याला चिकटलेल्या असतात. दक्षिणेला निघालेल्या माणसाला स्कॅटर क्रीक दुभाजकापलीकडे छान दिसतं, आणि बघत बघत पुढे जाण्यापलीकडे काही करता येत नाही. तेव्हा प्रत्येक खूण मोठी करून बघायची: ती रस्त्याच्या कुठल्या दिशेच्या बाजूला आहे, एक्झिटवरून उतरल्यावर परत चढायला रॅम्प आहे का. कंटाळवाणं काम आहे, पण ते करणारं बटण मला अजून दिसलेलं नाही.

एका क्वेरीत जास्तीत जास्त हजार डबे येतात. सिएटल-टकोमा भागात डबे तांदळातल्या खड्यांसारखे पसरलेत. दोन डब्यांमध्ये निदान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे आणि लोक तो अगदी १६१ मीटरपर्यंत पाळतात. हजार भरले की बाकीचे गुपचूप गळतात आणि नकाशावर मैलोन्मैल ओसाड दिसतं. तिथे डबे नाहीत असं समजू नका, मार्गाचे तुकडे करा. त्याआधी चाळणी लावा: काठिण्य (शोधायला किती अवघड) २ पर्यंत, भूभाग (पोचायला किती अवघड) १.५ पर्यंत, दोन्ही पाचपैकी; फक्त पारंपरिक प्रकार, म्हणजे दिलेल्या जागीच असलेला डबा; आणि गेल्या आठवड्याभरात कुणालातरी सापडलेला. निळ्या प्रश्नचिन्हाचे कोडे-डबे आधी काढून टाका, कारण नकाशावर दिसते ती त्यांची जागाच नसते. खरी जागा कोडं सोडवल्यावर कळते. भूभाग ५ म्हणजे होडी किंवा दोर लागणार. नोंदींमध्ये शेवटचे तीन ‘सापडला नाही’ असतील तर आपणच ते शेरलॉक आहोत असा समज करून घेऊ नये.

आता अक्षांश-रेखांश. हा खेळ अंश आणि दशांश मिनिटं वापरतो. अल्मर यांच्या बादलीचा पत्ता उत्तर ४५° १७.४६०, पश्चिम १२२° २४.८००. बरेच नकाशे मात्र दशांश अंश मागतात. म्हणून १७.४६० ला ६० ने भागायचं, ०.२९१ येतं, आणि अक्षांश होतो ४५.२९१. घाईत थेट ४५.१७४६० आणि १२२.२४८०० लिहिलं तर माणूस तेरा किलोमीटर दक्षिणेला आणि तेरा किलोमीटर पूर्वेला जाऊन उभा राहतो. तिथे फलक नाही, झाडं भरपूर. पश्चिमेचं उणे चिन्ह विसरलात तर खूण थेट ईशान्य चीनमध्ये उमटते. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण निघायच्या आधीच लक्षात येते. तेरा किलोमीटरची चूक पोचल्यावर कळते.

थांबा म्हणून डब्याची जागा कधीही देऊ नका. हे तीनदा लिहायला हवं, पण जागा कमी आहे. डबा झाडीत असतो. नेव्हिगेशन त्याला सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं, आणि तो बहुधा हमरस्त्याचा काठ असतो किंवा कुणाच्यातरी घराचा खाजगी रस्ता. ‘आपण पोचलात’ असं ती बाई सांगते तेव्हा मागून ट्रक हॉर्न देत असतो. द्यायचा तो पार्किंगचा बिंदू. क्वेरीच्या झिपमध्ये दोन फाइली येतात, एक डब्यांची आणि दुसरी शेपटीला ‘डब्ल्यूपीटीएस’ लावलेली. पार्किंगचे बिंदू या दुसरीत असतात आणि लोक नेमकी तीच उघडत नाहीत.

गूगल मॅप्सच्या एका मार्गात सुरुवात-शेवट धरून दहाच ठिकाणं मावतात आणि क्रम तुम्हालाच लावावा लागतो. पहिल्यांदा याचा राग येतो. मग गणित मांडलं की कळतं, दहासुद्धा फार आहेत. एक्झिटवरून उतरणं तीन मिनिटं, सिग्नल आणि पार्किंग चार, शोध आठ, सही करून सगळ्यांना परत गाडीत कोंबणं पाच. झाली वीस मिनिटं. बारा थांबे म्हणजे चार तास, तेही सगळे डबे मुकाट सापडले तर. माझा हिशेब असा: ड्रायव्हिंगच्या दर दीड तासाला एक. तरी तिसऱ्या थांब्याला मागून येतंच, “अहो, आत्ताच तर थांबलो होतो!” त्यावर या खेळातलं ठरलेलं उत्तर, “वाटेतच तर आहे.”

थांब्यांचा दर्जाही बघावा. हायवेलगतच्या दुकानांच्या पार्किंगमध्ये दिव्याच्या खांबाच्या बुडाशी पत्र्याचं झाकण असतं. त्याला या खेळात घागरा म्हणतात आणि तो उचलला की खाली फिल्मची डबी. नोंद वाढते, एवढंच. भर दुपारी भरल्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ खांबाचा घागरा वर करून खाली वाकून बघतोय, हे दृश्य खेळाबाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड. मी असले डबे सरसकट गाळतो. त्यापेक्षा बरेच ‘आवडले’चे गुण मिळालेला एकच डबा घ्यावा.

बोगद्याचा हिशेब तर वेगळ्या वहीत. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो डबा आय-९० च्या कडेला. प्रत्यक्षात ५४ नंबरच्या एक्झिटला ह्याकला उतरायचं, गाडीवर डिस्कव्हर पास (राज्याच्या उद्यानांचा गाडी-परवाना) लावायचा आणि ३.७ किलोमीटर काळोख्या, गारठलेल्या जुन्या रेल्वे बोगद्यातून चालत पलीकडे जायचं. तेवढंच परत. अडीच तास धरा. माणशी एक टॉर्च, ऑगस्टमध्येसुद्धा जाकीट. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल बोगदा बंद असतो, पण मार्ग आखताना नकाशा हे आपणहून सांगत नाही. उद्यानखात्याच्या पानावर जाऊन बघावं लागतं. आत ना उपग्रह दिसतात ना नेटवर्क मिळतं, म्हणून डब्याचं पान, त्यावरचा सुगावा आणि फोटो आधीच फोनवर उतरवून ठेवायचे. बाहेर आल्यावर फोन भानावर यायला दोन मिनिटं द्या. तोवर बाण कुठेही दाखवतो आणि उत्साही मंडळी त्याच्यामागे उतारावरून निघालेली असतात.

एवढी बेरीज केली की एका दिवसाची यात्रा दोन दिवसांची होते. पहिल्या दिवशी मुख्यालय आणि बोगदा, दुसऱ्या दिवशी बीव्हरक्रीक. गाडीत ठेवायला एक चिमटा (डबीतली सहीच्या कागदाची गुंडाळी बोटांनी निघत नाही), कोरड्या कागदाच्या पट्ट्या (वॉशिंग्टनच्या पावसात अर्ध्या गुंडाळ्यांचा लगदा झालेला असतो) आणि पेनं. पेनं तीन. सहीशिवाय शोध धरत नाहीत आणि पहिली दोन सीटखाली जातात.

गाळलेल्या खुणा पुसू नका. स्कॅटर क्रीकसारख्या, उत्तरेला जाणाऱ्या बाजूच्या सगळ्या नकाशाच्या वेगळ्या थरात (लेयरमध्ये) टाका, रंग बदला आणि थराला नाव द्या ‘परत येताना’. परतीच्या वाटेतच तर आहेत.